शेट्ये सरांना टीमात घेतलं

माझं मूळ गाव म्हणाल तर पोलादपूरच्या वर, उमरठच्याही पुढं डोंगरात आमची वाडी हाय, वाडी म्हणजे काय, थोडी घरं या अंगाला थोडी त्या अंगाला, मधनं पऱ्या वाहतो, त्याच्यावरनं जायला लाकडाचा साकव, आणि सकाळी बघाल तर काय सुदीक दिसायचं नाय, सगळं धुक्यात, कोंबडा आरवला तर तो कुणाच्या घरचा ते आवाजावरनं ओळखायचं. माझं नाव रत्ना. माहेरची पार्टे, सासरची उतेकर. महाडात मला उतेकर बाई म्हणतात, शाळेत पी.टी. शिकवली ना एवढी वर्षं. महाडात घर केलं, पेन्शनीत निघाले, तरी बोली काय सुटली नाय, हेडसर म्हणायचे उतेकर बाई जरा शुद्ध बोला, मी म्हणायची सर, शिट्टीला कुठं शुद्ध-अशुद्ध असतं.

बाबा मुंबईला गोदीत कामाला, शिमग्याला नि गणपतीला यायचे. आये एकटी शेती बघायची, नाचणी, वरी, खालच्या अंगाला थोडं भात. शाळा खाली होती. गुरं सोडून, शेण काढून, पाणी भरून मंग मी निघायची, तवर बाकीची पोरं कधीच उतरलेली, मंग काय, धावायचं. काय सांगू तुम्हाला, ते धावणं म्हणजे धावणं नव्हतंच. अर्धी झोप डोळ्यात, धुकं अंगाला लागतंय, पाय आपले आपण पुढं जायचे आणि मी त्यांच्या मागनं यायची. दगड कुठं, मूळ कुठं, ते पायालाच ठाव. मला आठवतं ते असं आठवतं की मी शाळेत गेल्याचं आठवतच नाय, नुसतं उतरतेय, उतरतेय, आणि खालनं कुणाच्या तरी चुलीचा धूर वर येतोय. अजून झोपेत मी तशी उतरते. आमचे हे म्हणतात, रात्रभर पाय हलवतेस गो, कुठं जातेस.

दहावी झाली, पुढं महाडला मामाकडं ठेवली कॉलेजात. तिथं खेळाचे सर होते ते म्हणाले, तू डोंगरातली ना, धावशील का, क्रॉस कंट्रीला मुलगी मिळत नाय. मी म्हटलं क्रॉस कंट्री म्हणजे काय. ते म्हणाले ट्रॅक नाय, मैदान नाय, रानातनं, बांधावरनं, चढावरनं धावायचं. मला हसूच आलं. म्हटलं हे तर आमच्याकडं गुरं पण करतात.

पहिल्याच शर्यतीला मला शेट्ये सर दिसले. विद्यापीठाचे कोच. आमचं कॉलेज म्हणजे विद्यापीठाच्या झाडाची एक लांबची फांदी, तिथं एवढा मोठा माणूस यायचं काय कारण नव्हतं, पण ते मूळचे तुडीलचे, सावित्रीच्या काठचे, त्यामुळं आपल्या बाजूची शर्यत असली की यायचे. उंच, वाळकुडे, डोक्याला पांढरी हॅट आणि काखेत छत्री, ऊन नसलं तरी. बाकीच्या कॉलेजांचे सर कडेनं ओरडत होते, पळ, पळ, मागं बघू नको. हे गप उभे. मी पहिली आले, धापा टाकीत बसले, तर हे हळूच शेजारी येऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, वाटेत काय काय बघितलंस?

मला वाटलं वेडा हाय का काय हा माणूस. पण बघितलं होतं ते सांगितलं, एक बाई शेणी थापीत होती, तांबड्या गाईचं वासरू तिच्या पदराला चाटत होतं, आणि बांधावर एक चप्पल पडलेली, एकच. सर हसले. म्हणाले, ज्याला काहीच दिसत नाही तो फार जोर लावतो, ज्याला सगळं दिसतं तो जोरच लावत नाही. तुला चप्पल दिसली म्हणजे बरोबर आहे. विद्यापीठाच्या टीममध्ये येशील?

आता घरी कोण सांगणार. शिमग्याला बाबा आले होते, तर सर आमच्या वाडीवर चालत आले, छत्री टेकीत टेकीत, घामाघूम. खळ्यात घोंगडं टाकलं. आयेनं कुळथाचं पिठलं नि नाचणीची भाकरी दिली, ती त्यांनी बोटं चाटून खाल्ली. बाबा म्हणाले, मास्तर, पोरीच्या जातीनं अर्ध्या चड्डीत परमुलखात धावायचं, लोक काय म्हणतील, उद्या तिचं लग्न कोण करील. सर समोर डोंगराकडं बघत बसले. तवर आये दारातनं म्हणाली, ती तशीही धावतेच हाय, वाघरू मागं लागल्यासारखी, कुणाचं लक्ष नसतं, एखाद दिवशी कड्यावरनं जाईल तर आमाला संध्याकाळपर्यंत कळायचं नाय. त्यापरीस कुणी बघतंय तिथं धावूदे. बाबा आयेकडं बघतच राहिले. एवढं लांब वाक्य तिनं त्यांच्यापुढं कधी बोललंच नव्हतं. मंग म्हणाले, मास्तर, तुमच्या भरवशावर.

मुंबईला विद्यापीठाच्या मैदानावर कॅम्प असायचा. समुद्राचा वारा यायचा, खारट, चिकट, मला झोपच लागायची नाय, गुरांचा आवाज नाय, पऱ्याचा आवाज नाय. ट्रॅक काळ्या राखेचा, सकाळी माळी फक्कीच्या रेषा मारायचे, काळ्यावर पांढरं, मला तर त्यावर पाय टाकायला जीव व्हायचा नाय, आयेनं घातलेल्या रांगोळीगत वाटायचं. जिमखान्याच्या भिंतीवर जुन्या कोचांचे फोटो होते. सगळ्यात पहिला मिस्त्री सरांचा, पारशी गृहस्थ, पांढरी पॅंट, पांढरे बूट, हातात साखळीचं घड्याळ. विद्यापीठात धावण्याची टीम उभी केली ती यांनी. शेट्ये सर त्यांचे चेले. आम्ही पोरी संध्याकाळी पायाला तेल चोळत बसायचो तवा सर त्यांच्या गोष्टी सांगायचे, आवाज काढून सांगायचे, मिस्त्री सर कुणावर रागावले की म्हणायचे, डिकरा, टू ढावटे का फिरायला आला. डिकरा म्हणजे लेकरा. शिवी पण डिकरा आणि शाबासकी पण डिकरा.

एकदा सरांनी स्वतःची गोष्ट सांगितली. ते स्वतः लय चांगले धावायचे, विद्यापीठाच्या टीमात निवडले गेले होते, मोठ्या स्पर्धेला निघायचं, सामान बांधलेलं, तुडीलहून त्यांच्या आयेनं लाडू पाठवलेले. सकाळी मैदानाबाहेर टीमची गाडी उभी. मिस्त्री सर आले, यांच्या कपाळाला हात लावला, म्हणाले, डिकरा, टुला टाप हाय, टू नाय जाणार. आणि दुसऱ्या मुलाला गाडीत बसवलं. सर सांगायचे, मी बूट घालून रस्त्यावर उभा, आणि गाडी गेली. आम्ही विचारलं, मंग? मंग काय, म्हणाले, पुढल्या वर्षी पाय पहिल्यासारखे राहिले नाहीत. मिस्त्री सरांनी हाताखाली घेतलं, म्हणाले, आता तू दुसऱ्यांना गाडीत बसव. हे ते हसत हसत सांगायचे हं. आम्ही पण हसायचो. लहान होतो.

आता त्या शर्यतीचं सांगते. वर पंजाबात होती, थंडी अशी की दात वाजायचे, आणि धुकं. सगळ्या देशाच्या विद्यापीठांच्या पोरी, धिप्पाड, दूध-तुपावर वाढलेल्या, आणि आम्ही कोकणातल्या काटक्या. बाकीच्या टीमा धुक्याला घाबरल्या, समोरचं दिसेना. मला मात्र काय झालं कुणास ठाऊक. शिट्टी झाली, मी निघाले, आणि थोडं गेल्यावर मला पायांचा आवाज येईना. उसाची शेतं होती दोन्ही बाजूंना, पण मला ती आमची नाचणीची वाटली. कुठंतरी पाण्याचा पाट वाहत होता तो मला आमचा पऱ्या वाटला. दम लागला का, पाय दुखले का, मला सांगता यायचं नाय. खरं की सपान ते अजून कळत नाय मला. एकदम दोरी आली, माणसं आली, टाळ्या आल्या, आणि मी दुसरी आले होते. आमच्या मागच्या पोरी पण एकीपाठोपाठ एक आल्या आणि बायकांच्या टीमला त्या वर्षी विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा ढाल मिळाली. सर चष्मा पुसत होते. जवळ आले, म्हणाले, काय बघितलंस? मी म्हटलं सर, मी आमचा डोंगर बघितला. त्यांनी माझ्या खांद्यावर त्यांचा स्वतःचा स्वेटर टाकला आणि त्या धुक्यात पलीकडं तोंड करून उभे राहिले.

त्याच्या पुढच्या वर्षी सरांनी पन्नाशीच्या आतच जागा सोडली, म्हणाले पोरींना आता बाई कोच हवी, आणि परेरा मॅडम आल्या. वसईच्या. शेट्ये सरांच्याच हाताखाली अडथळ्यांची शर्यत धावलेल्या, विद्यापीठाच्या पहिल्या बाई कोच. आता बघा, सर म्हणजे धुकं आणि मॅडम म्हणजे टळटळीत ऊन. केस कापलेले, शिट्टी गळ्यात, आवाज खणखणीत. वाटेत काय बघितलंस वगैरे काय नाय, आल्या की पहिलं पाय बघायच्या, घोटा दाबायच्या, गुडघा वाकवायच्या. मला त्या आवडायच्या नाय. सरांच्या जागी उभ्या राहतात ह्याचाच मला राग.

माझा उजवा गुडघा दुखायला लागला होता. मी कुणाला बोलले नाय, फडकं बांधून धावायची. मॅडमनी ओळखलं. डॉक्टरकडं नेलं, स्वतः बरोबर बसल्या, आणि बाहेर येऊन तिथंच पायरीवर मला बसवून म्हणाल्या, रत्ना, हा गुडघा आता लांबचं धावणार नाही. अजून एक मोसम धावलीस तर म्हातारपणी जिना चढता येणार नाही तुला. मी तुला टीममध्ये घेत नाही. मी लय रडले. म्हटलं शेट्ये सर असते तर त्यांनी काढलं नसतं मला. मॅडम म्हणाल्या, सरांनीही काढलं असतं, फक्त त्यांना त्याचा महिनाभर त्रास झाला असता. मला होणार नाही असं समजू नकोस. आणि माझ्याच ओढणीनं त्यांनी माझं नाक पुसलं. तरी माझा राग काय गेला नाय. टीमची गाडी निघाली तवा मी मैदानाच्या कठड्याला धरून उभी होते. ते कसं असतं ते सांगता यायचं नाय. सगळ्या पोरी खिडकीतनं हात करतात, आणि आपण पण करतो.

पण मॅडमनी मला सोडलं नाय. पी.टी.च्या कॉलेजात घालून दिलं, राहायची सोय बघितली, आणि महाडच्या शाळेत जागा निघाली तवा पहिला फोन त्यांचा. म्हणाल्या, जा, आपल्या डोंगरात जा, तिथं अजून कोण कोण धावतंय ते बघ. मंग राग गेला. कधी गेला ते कळलं नाय, जसं धुकं जातं ना, आता होतं आणि आता नाय, तसा.

लग्न झालं, आमचे हे कारखान्यात, दोन मुलगे, ते आता मुंबईला. आणि पोरी. शाळेच्या पोरी म्हणजे किती वाड्यांच्या सांगू, डोंगराच्या पार कुशीतल्या, रायगडाच्या अंगच्या, खाडीच्या कडच्या. तिकडं तळीयेवर दरड आली तवा आम्ही सगळी कोकणची माणसं कितीतरी दिवस डोंगराकडं बघायला भ्यायचो, त्या वर्षी पूर पण आला, शाळेच्या मैदानावर चिखलच चिखल, पोरींनी घमेल्यांनी उपसला नि वाळल्यावर पहिलं काय केलं तर धावल्या. माझ्या काही पोरी विद्यापीठाच्या टीमात गेल्या. काही पोलिसात गेल्या, काही पोरंबाळं सांभाळतायत. सगळ्यांचं बरं हाय.

आणि मंग एक दिवस तुडीलहून येणारी एक पोरगी मला म्हणाली, बाई, आमच्या गावात एक आजोबा आलेत मुंबईहून, पुतण्याच्या घरी, ते रोज सकाळी बूट घालून रस्त्यावर उभे राहतात, टीमची गाडी येणार हाय म्हणतात. मी आडनाव विचारलं, म्हणाली, शेट्ये. मी त्याच दिवशी शाळा सुटल्यावर गेले.

सर पडवीत बसले होते. तेच सर, पण कुणीतरी पाण्यानं पुसून काढल्यासारखे. लग्न केलं नव्हतं त्यांनी, मुंबईत एकटे राहायचे, विसरायला लागले, गॅस चालू ठेवून बाहेर जायला लागले, मंग पुतण्या दत्ता त्यांना गावी घेऊन आला. दत्ता भला माणूस, त्याची बायको सुनंदा त्याहून भली, पण बिचारी दमून गेलेली. ती म्हणाली, बाई, दिवसभर काय त्रास नाय, जेवतात, झोपतात, पण उजाडलं की उठून बूट घालतात नि नदीच्या रस्त्याला जातात, समोर सावित्री, पाणी चढलेलं असलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाय, म्हणून कडी लावते, तर आतनं दार बडवतात, घेऊन जा, मला घेऊन जा करतात, ऐकवत नाय हो. दत्ता म्हणाला, आता मुंबईला तसल्या माणसांना सांभाळणारी एक संस्था हाय, तिथं ठेवायचा विचार करतोय, काय करू सांगा.

मी सरांच्या पुढं बसले. म्हटलं, सर, मी रत्ना. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझे पांढरे बूट बघितले, गळ्यातली शिट्टी बघितली, आणि एकदम उठून ताठ उभे राहिले, हात बाजूला लावून, शाळेतल्या पोरासारखे. म्हणाले, मिस्त्री सर, आलात? मला घेताय ना टीमात?

मी म्हटलं, सर, मी मिस्त्री सर नाय, मी रत्ना पार्टे, पोलादपूरची, तुम्ही मला धावायला शिकवलंत. ते ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडला, म्हणाले, म्हणजे नाही घेतलं. आणि रडायला लागले हो, आवाज न करता, डोळ्यांतनं नुसतं पाणी. एवढा मोठा माणूस. त्यांचा हात हातात घेऊन मी बसून राहिले आणि मला सारखा तो मैदानाचा कठडा आठवत होता.

मंग मी रोज सकाळी तुडीलला जायला लागले. निवृत्तीचं वर्ष होतं, शाळेला पोचायच्या आधी जाऊन यायची, आमचे हे गाडीवरनं सोडायचे. सुनंदाला म्हटलं, कडी काढ, मी हाय. सरांचा हात धरून नदीच्या काठानं चालायची. सावित्रीवरनं वाफ उठलेली असायची, पलीकडचा काठ दिसायचा नाय, बगळे उभे असायचे ते पण अर्धेच दिसायचे, वरचे. सर चालायचे छान. बोलायचे पण, कधी मी रत्ना असायची, कधी परेरा, कधी त्यांची आये. पण रस्त्यावर जिथं ते गाडीची वाट बघत उभे राहायचे ती जागा आली की ते थांबायचे, माझ्याकडं वळायचे, आणि मी मिस्त्री सर व्हायची. सर, मला घेताय ना? रोज. आणि रोज मी काहीतरी दुसरंच बोलायची, बघा सर बगळा, बघा सर नाव चाललीय. हो म्हणायला जीभ रेटायची नाय. म्हटलं ज्यांनी मला कधी खोटं सांगितलं नाय त्यांना मी खोटं कसं सांगू.

शेवटी परेरा मॅडमना फोन केला. त्या आता म्हाताऱ्या, वसईला भावाच्या घरी, हातात काठी. त्यांचाच गुडघा गेला, बघा. म्हटलं मॅडम, असं असं हाय. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी येते.

आल्या. सरांनी त्यांना ओळखलं नाय, पण काठीकडं बघून म्हणाले, बसा, पायाला काय झालं? घोटा दाबून बघायला लागले. मॅडम तोंड फिरवून पडवीच्या बाहेर गेल्या. मी मागं गेले. म्हटलं, मॅडम, हो म्हणू का त्यांना? खोटं होईल ना ते. मॅडम चिडल्या माझ्यावर. म्हणाल्या, खोटं कसलं गं? मिस्त्री सरांनी त्यांना का काढलं होतं, ते वाईट धावायचे म्हणून? ताप होता म्हणून काढलं. आता ताप उतरलाय. एवढंच सांगायचंय कुणीतरी त्यांना. मिस्त्री सर आता यायचे नाहीत, मग तू सांग. आणि मग हळू म्हणाल्या, हे काम कोचचंच आहे, रत्ना. काढायचं पण आणि घ्यायचं पण. मी तुला काढलं, घ्यायला काही जमलं नाही मला. तू तरी घे.

भातं कापून झाली होती. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी मी पोरींना तुडीलला बोलावलं, सगळ्या आल्या, मी त्यांना काय लय समजावलं नाय, म्हटलं आज आपल्या टीमात एक नवीन धावणारे हायेत, त्यांच्याबरोबर धावायचं, हसायचं नाय. मॅडमनी नदीकाठच्या रस्त्यावर स्वतः फक्कीची रेष मारली, वाकता येत नव्हतं तरी. सुनंदानं सरांना पांढरा शर्ट घातला, पाठीला नंबर लावायचा तर पिना मिळेनात, तिनं सुई-दोऱ्यानं टाचला. सर नेहमीच्या जागी येऊन उभे राहिले. माझ्याकडं वळले. म्हणाले, मिस्त्री सर, मला घेताय ना?

मी पुढं गेले. त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं, धुक्यानं ओलं झालेलं. म्हटलं, डिकरा, ताप उतरला तुझा. आज तू टीमात.

काय सांगू तुम्हाला, त्या चेहऱ्याचं. कितीतरी वर्षांची सुरकुती न सुरकुती सैल झाली. थँक्यू सर, म्हणाले. आणि रेषेवर जाऊन उभे राहिले, पोरींच्या मधोमध, एक पाय पुढं घेऊन.

मॅडमनी शिट्टी दिली. सर धावले. खोटं नाय सांगत, पहिली काही पावलं खरंच धावले, लांब टांगा टाकीत, मंग चालले, मंग परत थोडे धावले. दत्ता बाजूनं चालला होता हात पुढं करून, पण धरायची वेळ आली नाय. पोरींनी आपले पाय आवरते घेतले, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, सगळ्या त्यांच्याच चालीनं. एका बाजूनं नदीचा आवाज आणि एका बाजूनं पावलांचा, आणि धुक्यातनं ती सगळी पांढरी मंडळी चाललेली, पुढं जातायत का तरंगतायत ते मागनं मला कळेना. मधेच सरांनी शेजारच्या पोरीकडं बघितलं. ती जोरात श्वास घेत होती, रडू दाबत होती बिचारी. सर धावता धावता तिला म्हणाले, खांदे सैल सोड, बाळ, मूठ उघडी ठेव. म्हणजे बघा, धावणारे पण तेच आणि कोच पण तेच.

पुढं दोरी धरून सुनंदा आणि शेजारची एक काकी उभ्या होत्या. सर छातीनं दोरी घेऊन गेले आणि थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, धापा टाकीत, आणि वर बघून हसले. मी मॅडमकडं बघितलं तर मॅडम काठीवर हनुवटी टेकून बसलेल्या, शिट्टी अजून तोंडातच.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर सर उठलेच नव्हते. सुनंदा घाबरून म्हणाली, बाई, बघा ना, बूट मागितले नाय आज. मी आत गेले तर जागे होते, उशीवर डोकं, डोळे उघडे. म्हणाले, आज विश्रांती. शर्यत झाली ना.

त्या दिवसापासनं ते रस्त्यावर गेले नाय. दाराला कडी नाय. मुंबईच्या त्या संस्थेचं नाव दत्ता काढत नाय. सर पडवीत बसतात, नदीकडं बघतात, भाकरी दुधात कुस्करून दिली की खातात, कोंबड्यांना टाकतात. बोलणं आता जवळजवळ गेलंच. मी अजून जाते, रोज नाय जमत, पण जाते, माझा पण गुडघा आता कुरकुरतो. शेजारी बसते. विद्यापीठात आता नवीन कोच आलाय, तरुण मुलगा, त्याचा फोन आला होता, बाई, डोंगरातली कुणी पोरगी हाय का. ते मी सरांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, का वाऱ्यानं हलली, देव जाणे.

एकच सांगते आणि थांबते, तुम्हाला पण उशीर होईल. ती सकाळ झाली त्यापासनं ते मला मिस्त्री सर म्हणत नाय. रत्ना पण म्हणत नाय. आधी मला वाटायचं कधी एकदा हे थांबेल, आणि आता रस्त्यावरच्या त्या जागेवरनं एकटी जाते तवा पाय आपोआप जरा रेंगाळतात, वाटतं, कुणीतरी वळून विचारावं. कुणी विचारत नाय. चांगलंच हाय ते. त्यांना शांत झोप लागते, सुनंदाला लागते. देव त्यांना असंच ठेवो, आणि तुम्हाला पण सुखाचं करो. बसा, चहा टाकते.